बाबांचं फिरणं बंद झालंय, घरात काय करून घ्यावं?

प्रश्न थोडक्यात असा, २०२१च्या उन्हाळ्यातला, कोरोनाची दुसरी लाट चालू असतानाचा. वडील ७४ वर्षांचे, आई ६८ची. ठाण्यात वन बीएचके, तिसरा मजला, लिफ्ट नाही. वडील रोज सकाळी तलावपाळीला पाऊण तास चालायचे. मार्च २०२०मध्ये लॉकडाऊनमुळे ते थांबलं, मध्ये काही महिने पुन्हा जमलं आणि १४ एप्रिल २०२१पासूनच्या निर्बंधांत परत बंद. दिवस टीव्हीसमोर खुर्चीत जातो. हल्ली उठताना हात टेकावे लागतात, जिन्याची भीती वाटते. आईला मधुमेह आहे, गोळ्या चालू आहेत, गुडघे दुखतात. लेक विचारते: घरातल्या घरात चालायला सांगू, की योगासनं करून घेऊ? आणि दोघांचं मन कशात गुंतवू?

चालायला सांगाच. पण तुम्ही लिहिलेल्या सगळ्यात मला महत्त्वाचं वाटलं ते एकच वाक्य: उठताना हात टेकावे लागतात. वय वाढलं म्हणून एका वर्षात एवढा फरक पडत नाही. मांडीच्या पुढचे आणि कुल्ल्याचे स्नायू वापरात नाहीत, म्हणून ते आटलेत. निरोगी वृद्ध माणसांना दहा दिवस अंथरुणात ठेवून झालेला एक अभ्यास आहे. तेवढ्यात त्यांच्या पायांचे स्नायू जवळजवळ एक किलोने घटले होते. खुर्चीत बसणं म्हणजे अंथरुणाला खिळणं नव्हे, पण दिशा तीच. सपाट फरशीवर चालून हे स्नायू भरून येत नाहीत, कारण चालताना त्यांच्यावर फार थोडा भार येतो. त्यांना वजन उचलायला लावावं लागतं आणि घरात सगळ्यात हाताशी असलेलं वजन म्हणजे स्वतःचं शरीर. म्हणून बाबांचा मुख्य व्यायाम खुर्चीतून उठणं आणि बसणं. चालणं त्याच्या जोडीला.

आधी एक मोजणी करा, म्हणजे महिन्याने फरक कळेल. बैठक साधारण १७ इंच उंच असलेली खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. प्लास्टिकची खुर्ची गुळगुळीत फरशीवर मागे सरकते, म्हणून भिंत हवीच. हात छातीवर घडी करून ३० सेकंदांत पूर्ण उभं राहून किती वेळा बसता येतं ते मोजा. ७४ वर्षांच्या पुरुषाचे १२ पेक्षा कमी आणि ६८ वर्षांच्या बाईचे ११ पेक्षा कमी आले तर पायांची ताकद कमी आहे, पडण्याचा धोका जास्त आहे असं समजतात. हात टेकल्याशिवाय उठताच आलं नाही तर आकडा शून्य लिहा आणि त्यात वाईट वाटून घेऊ नका. शून्यावरून सहा-सात आठवड्यांत सात-आठपर्यंत येणारी माणसं पुष्कळ असतात.

आता व्यायाम नीट कसा करायचा ते सांगते, कारण बिघडतो तो इथेच. खुर्चीत पुढे सरकून अर्ध्या बैठकीवर बसायचं. पावलं कमरेएवढ्या अंतरावर, टाचा गुडघ्यांच्या किंचित मागे. बहुतेक जण पाय लांब ठेवून उठायला बघतात, मग ढुंगण उचलतच नाही आणि हात आपोआप दांड्यावर जातात. कमरेतून पुढे वाका, नाक पायाच्या बोटांच्या वर आलं पाहिजे आणि मग तोंडाने श्वास सोडत उभं राहा. उठायला दोन सेकंद, बसायला मोजून चार. बसणं हीच खरी कसरत आहे, पण माणसं शेवटच्या वीतभर अंतरात धपकन अंग टाकतात. तिथे स्नायूचं काम संपतं आणि ठिसूळ झालेल्या मणक्याला हादरा बसतो. श्वास कोंडू देऊ नका, त्याने रक्तदाब चढतो. गुडघे एकमेकांकडे झुकत असतील तर मांड्यांमध्ये एक छोटी उशी अलगद धरायला सांगा, चार दिवसांत सवय सुटते.

आठ वेळा, मग दीड-दोन मिनिटं आराम, असे तीन फेरे, एक दिवसाआड. रोज नको. या वयात स्नायूंना सावरायला मधला दिवस लागतो. आठ जमतच नसेल तर बैठकीवर गोधडीची घडी ठेवून उंची तीन-चार इंच वाढवा आणि दर आठवड्याला एक घडी कमी करा. तिसऱ्या फेरीतले शेवटचे दोन अगदी सहज होऊ लागले की भार वाढवायचा: आधी हात न टेकता, मग हात छातीवर बांधून, मग एक लिटरची भरलेली बाटली छातीशी धरून. अनेक घरांत हे पहिल्या पायरीवरच वर्षभर चालतं आणि मग "व्यायाम करूनही फरक नाही" अशी तक्रार येते. शेवटचे दोन जड गेले नाहीत तर ताकद वाढत नाही.

त्याच दिवशी ओट्याशी उभं राहून टाचा उचलण्याचे १०-१५ वेळा दोन फेरे आणि भिंतीला हात लावून भिंतीवरच्या दंडासारखं पुढे-मागे होण्याचे दहा. एवढं पुरे. सगळं मिळून वीस-बावीस मिनिटं होतात.

तोल रोज सांभाळायचा, त्याला मधला दिवस लागत नाही. ओट्याचा कोपरा उत्तम, कारण दोन बाजूंनी आधार असतो. एका पावलाची टाच दुसऱ्याच्या अंगठ्याला लावून उभं राहायचं, बोटं ओट्याला नुसती टेकलेली. दहा सेकंद जमले की तीसपर्यंत न्या, मग बोटं एकेक करून काढा. सुरुवातीचे पंधरा दिवस कुणीतरी हाताच्या अंतरावर उभं हवं. गॅस चालू असताना अजिबात नाही.

चालण्याचं गणित सोपं आहे. स्वयंपाकघराच्या दारापासून गॅलरीपर्यंत २० फूट म्हणजे सहा मीटर धरा. जाऊन-येऊन बारा मीटर, म्हणजे शंभर फेऱ्यांत सव्वा किलोमीटर. एका वेळी पाऊण तास करायला लावू नका, दहा-दहा मिनिटं तीनदा. छोट्या जागेत वळणं खूप येतात आणि जागच्या जागी पाय फिरवून वळलं की गुडघ्याला पीळ बसतो, चक्करही येते. टोकाला खुर्ची ठेवून तिला वळसा घालून फिरायचं आणि दर पाच मिनिटांनी दिशा बदलायची. मोजायला दोन वाट्या आणि पन्नास चिंचोके घ्या. प्रत्येक फेरीला एक चिंचोका या वाटीतून त्या वाटीत. मोबाईलवर पावलं मोजण्यापेक्षा वयस्कर माणसांना हे जास्त भावतं, बोटांनाही काम मिळतं. वेग असा हवा की बोलता येईल, पण गाणं म्हणता येणार नाही. घरातही पायात मागून पट्टा असलेली चप्पल हवी. सपाता घसरतात.

चालण्याच्या वेळा आईच्या साखरेला धरून ठरवा, फायदा दोघांनाही होईल: नाश्ता, दुपारचं जेवण आणि रात्रीचं जेवण झाल्यावर अर्ध्या तासाच्या आत दहा-पंधरा मिनिटं. जेवणानंतर साखर चढते तेव्हाच पायांचे स्नायू ती ओढून घेतात. जेवणाआधीचा रिकाम्या पोटीचा व्यायाम मात्र आईसाठी टाळा. ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर साखर एकदम उतरू शकते. सगळे घरी असल्यामुळे जेवणं मागे-पुढे होतात, गोळी मात्र ठरल्या वेळी घेतली जाते आणि तासाभराने बाई घामाघूम होऊन थरथरायला लागते. मापल्यावर ७० च्या खाली साखर आली तर तीन चहाचे चमचे साखर पाण्यात ढवळून लगेच द्यायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजायची, तरी कमीच असेल तर पुन्हा तेवढीच. सावरल्यावर पोळी-भाजी किंवा दूध-बिस्किट काहीतरी खायला द्या, आणि ज्यांनी गोळी दिली त्या डॉक्टरांना त्याच दिवशी कळवा. माणूस शुद्धीत नसेल तर तोंडात काही घालायचं नाही, सरळ दवाखाना.

आईच्या गुडघ्यांसाठी उठ-बस चालेल, पण बैठक उंच करून. शिवाय अर्धा किलो तांदूळ कापडी पिशवीत घालून पिशवी जुन्या ओढणीने घोट्यावर बांधा. खुर्चीत मागे टेकून बसून पाय सरळ करायचा, पाच मोजेपर्यंत धरायचा, हळू खाली. दोन्ही पायांचे दहा-दहा, दोनदा. व्यायाम करताना थोडं दुखेल. दहापैकी तीन-चार इतकं दुखणं चालतं, पण दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ते पूर्वपदावर आलं पाहिजे. सूज आली किंवा दुखणं दुसऱ्या दिवशीही वाढलेलंच राहिलं तर पिशवी काढा, व्यायाम बंद करू नका. मधुमेहात पावलांची संवेदना कमी झालेली असू शकते, तेव्हा रोज रात्री तळपाय बघायचे, बोटांच्या बेचक्यांसकट. वाकता येत नसेल तर खाली आरसा ठेवा. गुडघे दुखतात म्हणून गरम पाण्यात पाय सोडून बसायची सवय असेल तर पाणी आधी दुसऱ्या कुणाच्या तरी कोपराने तपासलेलं हवं. भाजल्याचं कळत नाही आणि जखम महिनाभर भरत नाही.

योगासनांबद्दल विचारलंत. येत असतील आणि सवय असेल तर जरूर करा, पण त्याने वरच्या उठ-बशीची जागा भरून निघणार नाही. नव्याने शिकायला आत्ताची वेळ चांगली नाही, कारण चुकलेलं दाखवायला समोर कुणी नाही. रक्तदाब, काचबिंदू किंवा हर्निया असेल तर कपालभाती नको. आणि प्राणायाम केला की कोरोना होत नाही असं समजून मास्क सोडू नका.

काढ्याचं तसंच. दिवसातून तीन-तीनदा मिरी-लवंगांचा काढा पिऊन घरोघरी पोटात आग पडते आहे. त्यात ज्येष्ठमध असेल तर अधिक जपा. रोज घेतलं तर ते रक्तदाब वाढवतं आणि शरीरातलं पोटॅशियम उतरवतं. वाफेच्या भांड्यामुळे भाजल्याच्या घटनाही होत आहेत. वाफ घ्यायचीच तर पातेलं मांडीवर नको, टेबलावर.

आता खाणं, कारण ताकदीचा व्यायाम आणि पातळ वरण हे एकत्र चालत नाहीत. बाबांचं वजन ६० किलो धरू. मूत्रपिंडं ठीक असतील तर या वयात त्यांना दिवसाला ६० ते ७० ग्रॅम प्रथिनं हवीत. आपल्या नेहमीच्या जेवणाचा हिशेब करून बघा: एक ताटली पोहे साडेतीन ग्रॅम, पाच पोळ्या सोळा, दोन वाट्या पातळ वरण साडेसहा, भात चार-साडेचार, चहातलं दूध तीन, भाजी आणि ताक मिळून पाच. चाळीसच्या आत-बाहेरच येतं. उरलेले वीस-पंचवीस रोज कुठून तरी आले पाहिजेत. एक अंडं सहा ग्रॅम देतं. मोठा पेला दूध सहा, मूठभर म्हणजे ३० ग्रॅम शेंगदाणे साडेसात, आणि ४० ग्रॅम कोरड्या मटकीची उसळ नऊ. यातली कोणतीही तीन निवडा. दातांची अडचण असेल तर दाण्याचं कूट दह्यात कालवून द्या, किंवा मुगाचं धिरडं. बहुतेक घरांत सगळी प्रथिनं रात्रीच्या जेवणावर लोटली जातात आणि नाश्ता चहा-खारीवर भागतो. निदान एक वाटा सकाळी हवाच. ज्यांना किडनीचा त्रास सांगितलेला आहे त्यांनी हे आकडे डॉक्टरांना विचारल्याशिवाय धरू नयेत.

भाजी मिळत नाही तेव्हा ताटात लोणचं-पापड वाढतो आणि रक्तदाब कशाने वाढला ते कळत नाही, तेवढं बघा. पाणी सहा-आठ पेले (हृदय किंवा किडनीमुळे मर्यादा सांगितली नसेल तर). रात्री उठावं लागतं म्हणून ही माणसं दिवसभर पाणीच पीत नाहीत, मग शौचाला खडा होतो आणि उभं राहताना डोळ्यांपुढे अंधारी येते. पाण्याचा मोठा वाटा संध्याकाळी सहाच्या आधी संपवा.

ऊन हवं, पण कोवळं ऊन "ड" जीवनसत्त्वासाठी फारसं कामाचं नसतं. आपली सावली आपल्यापेक्षा आखूड पडते त्या वेळचं ऊन लागतं, आणि काचेतून आलेलं चालत नाही, कारण लागणारे किरण काच अडवते. गॅलरीत अकराच्या सुमारास हात-पाय उघडे ठेवून दहा-पंधरा मिनिटं. मेच्या उन्हात याहून जास्त नको.

मन गुंतवण्याबद्दल. "काहीतरी छंद लावून घ्या" असं सांगून कुणी छंद लावून घेत नाही. काम असं हवं की शेवटी काहीतरी हातात येतं आणि ते दुसऱ्या कुणाला तरी लागतं. वेळ घालवायला दिलेलं काम बाबांना लगेच ओळखू येईल. घरातली एक खरी जबाबदारी पूर्ण त्यांच्याकडे द्या: दोघांच्या गोळ्यांचा साठा, किती दिवसांच्या उरल्या, कधी मागवायच्या, वहीत तारखेने. किंवा रोज संध्याकाळी सहाला नातवाला व्हिडिओ कॉलवर पावकी-निमकी आणि पाढे. वेळ ठरलेली हवी, कारण या दिवसांत वारांचा हिशेब सुटला आहे. पेपर घरी येत नसेल तर फोनवरचा पेपर त्यांनी आईला मोठ्याने वाचून दाखवावा. मोठ्याने वाचणं, हरिपाठ म्हणणं, गाणं यात श्वासही लांब घ्यावा लागतो. टीव्हीवरच्या बातम्या दिवसातून दोनदा, अर्धा-अर्धा तास. ऑक्सिजनच्या रांगा दिवसभर बघत बसण्याने छातीत धडधड होते आणि रात्रीची झोप जाते. आणि मालिका लावली की प्रत्येक जाहिरातीला उभं राहायचं, हा नियम दोघांनीही पाळायचा.

आईच्या हाताला मे महिन्यात वाळवणांची सवय असणार. जरूर करू द्या, पण जमिनीवर वाकून नको. ताट किंवा प्लास्टिकचा कागद टेबलावर, सांडगे तिथेच घालायचे, वीस मिनिटांनी उठायचं. गहू-तांदूळ निवडताना ताट मांडीवर असलं की मान तासभर खाली राहते. खाली दोन उश्या घ्या, ताट पोटाच्या वर येईल.

फोन शिकवायचा असेल तर एका बैठकीत एकच गोष्ट, आणि पहिली गोष्ट म्हणजे आलेला व्हिडिओ कॉल घेणं. तुमच्या हातात फोन घेऊन दाखवू नका, त्यांच्या बोटानेच करू द्या. ओटीपी कुणालाच सांगायचा नाही हे कागदावर लिहून फोनच्या मागे चिकटवा.

दोन आठवडे सलग जेवणावर वासना नाही, आंघोळ टाळली जाते, पहाटे तीनला जाग येऊन पुन्हा झोप लागत नाही, असं दिसलं तर ते कंटाळ्यापलीकडचं आहे. डॉक्टरांशी बोला. बाहेर पडता येत नसेल तर सरकारच्या ई-संजीवनीवर घरूनच सल्ला मिळतो, मानसिक त्रासासाठी सरकारच्या "टेलि-मानस"चा १४४१६ हा नंबर आहे. पण माणूस एका दिवसात अचानक बरळायला लागला, वेळ-काळ विसरला तर ते मनाचं समजू नका. ऑक्सिजन, सोडियम, साखर, लघवीचा संसर्ग यांपैकी काहीही असू शकतं आणि त्याच दिवशी तपासायला हवं.

घरात कुणाला ताप आला किंवा कोरोनाची चाचणी पॉझिटिव्ह आली की वरचा सगळा व्यायाम बंद. पुन्हा कधी सुरू करायचा ते डॉक्टर सांगतील. ऑक्सिमीटर लावताना पाच मिनिटं बसून, हात गरम करून, नेलपॉलिश नसलेल्या बोटाला लावा आणि आकडा स्थिर होईपर्यंत मिनिटभर थांबा. सहा मिनिटं चालून ऑक्सिजन उतरतो का ते बघायची चाचणी साठीच्या पुढे तीन मिनिटांची पुरते, पण बसल्या जागी आकडा ९४ च्या खाली असेल तर ती करायचीच नाही आणि एकट्याने तर कधीच नाही.

शेवटी पडण्याबद्दल, कारण कोरोनाच्या या लाटेत मोडलेलं खुब्याचं हाड घेऊन रुग्णालयात खाट शोधणं फार अवघड आहे. घरात पडण्याच्या जागा ठरलेल्या असतात: ओली मोरी, रात्री संडासला जायची वाट आणि दारातलं पायपुसणं. पायपुसणी आजच उचला किंवा खाली रबर लावा, वाटेवर शून्य वॅटचा दिवा रात्रभर ठेवा, फरशी पुसली की वाळेपर्यंत दोघांनी बसून राहायचं. अंथरुणातून उठताना आधी मिनिटभर पाय खाली सोडून बसायचं.

आणि जमिनीवरून उठण्याचा सराव करून ठेवा. दोन आठवडे उठ-बस झाली की एक दिवस जमिनीवर गादी घाला, शेजारी पलंग किंवा भक्कम खुर्ची. कुशीवर वळायचं, कोपरावर भार देऊन रांगायच्या स्थितीत यायचं, गुडघ्यांखाली उशी, दोन्ही हात खुर्चीच्या बैठकीवर, ज्या पायात जोर जास्त त्याचं पाऊल पुढे रोवायचं, हात दाबून उठायचं आणि वळून बसायचं. आठवड्यातून एकदा करत राहा. खरोखर कुणी पडलं तर घरचे धावत येऊन काखेत हात घालून ओढतात आणि त्यात खांदा निखळतो, ओढणाऱ्याची पाठ जाते. आधी पडल्या जागी मिनिटभर राहू द्या. खुब्यात कळ येत असेल, पाय आखूड आणि बाहेर वळलेला दिसत असेल तर हलवू नका, १०८ ला फोन करा. तसं काही नसेल तर एक खुर्ची त्यांच्या डोक्याशी ठेवा, ते रांगत येऊन तिच्यावर हात टेकतील, आणि ते ढुंगण उचलतील तेव्हा दुसरी खुर्ची मागून सरकवा.